भोंगऱ्या : डोंगर चढून येणारा बाजार

फाल्गुन लागला, पळस तांबडा झाला, की सातपुड्यातल्या पाड्यापाड्यावर एकच विचारणा सुरू होते : आपला भोंगऱ्या कोणत्या वारी? भोंगऱ्या म्हणजे होळीच्या आधीच्या आठवड्यात भरणारा बाजार. ज्या गावाचा आठवडे बाजार ज्या वारी, त्याच वारी तिथला भोंगऱ्या. एरवी जिथे मोजकी पाले लागतात, तिथे त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. वाचकहो, बाजाराला आपण जातो, ही तुमचीआमची सवय. इथे मात्र बाजारच डोंगर चढून लोकांकडे येतो, एक दिवस राहतो आणि दिवस मावळायच्या सुमारास पाल गुंडाळून पुढच्या गावाला निघतो. तो कुठून येतो, काय आणतो आणि जाताना काय घेऊन जातो, हे शेतकरी माणसाने एकदा पाहण्यासारखे आहे.

आधी हा मुलूख समजून घ्या. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा निघाला. त्यात सहा तालुके. तापीकाठचा भाग सपाट आणि काळ्या मातीचा. तिथे कापूस, ऊस, केळी, पपई, मिरची पिकते. उत्तरेला अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके डोंगरातले. अक्राणीचे मुख्य गाव धडगाव. त्यापलीकडे नर्मदा, आणि नर्मदेपलीकडे मध्य प्रदेश. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्यातील दर शंभर माणसांत सुमारे ६९ आदिवासी आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी, तडवी असे त्यांचे समाज आणि प्रत्येकाची बोली निराळी. होळी हा सातपुड्यातला सर्वांत मोठा सण. आपल्याकडे दिवाळीला जे महत्त्व, ते तिथे होळीला.

डोंगरात जायच्या दोन वाटा सांगतो. तळोद्याकडून गेलात तर चांदसैलीचा घाट चढून धडगावला पोचाल. अक्कलकुव्याकडून गेलात तर देवगोईचा घाट चढून मोलगीला. भोंगऱ्याच्या दिवसांत या घाटांतून मालाने भरलेल्या गाड्या चढताना दिसतात. गुळाच्या भेल्या, डाळ्यांची पोती, खजुराच्या गोण्या, नारळ, शेव तळायच्या कढया, बांगड्यांच्या पेट्या, कापडाचे गठ्ठे आणि त्या सगळ्यावर बसलेला बाजारकरी. आज एका गावाचा बाजार, उद्या दुसऱ्या गावाचा, असा त्याचा आठवडा बांधलेला असतो.

भोंगऱ्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. हा मुलामुलींनी जोडीदार निवडून पळून जाण्याचा मेळा आहे, असे बाहेरच्या लोकांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. मध्य प्रदेशात झाबुआ, अलीराजपूर, बडवानी या भागांतही हा बाजार भगोरिया नावाने भरतो आणि त्याच्याविषयीही असेच लिहिले जाते. या लिखाणाला आदिवासी समाजातल्या जाणत्या माणसांनी आणि शिकलेल्या तरुणांनी जाहीर हरकत घेतली आहे. त्यांचे म्हणणे सरळ आहे : भोंगऱ्या हा होळीचे सामान घ्यायचा बाजार आहे, लग्नाचा नव्हे. बाजारात ओळखी निघतात, सोयरिकीच्या गोष्टी होतात, हे खरे. पण ते आपल्या कोणत्या जत्रेत होत नाही?

आता बाजारात फिरू या. सगळ्यांत मोठी गर्दी गुळाच्या आणि डाळ्यांच्या पालांपुढे. शेजारी साखरेच्या हार-कंगनांच्या माळा लोंबत असतात. आपण पाडव्याला गुढीला जी साखरेची गाठी घालतो, तिचीच ही भावंडे. साखरेचा पाक लाकडी साच्यात ओतून, मध्ये दोरा ठेवून ती करतात. मग खजूर, खोबऱ्याच्या वाट्या, मुरमुरे. पलीकडे कढईत जिलबी आणि भजी पडत असतात, शेवेचे ढीग लागलेले असतात. पोरे जिलबीच्या कढईपाशी, बायका बांगड्यांपाशी, म्हातारी माणसे डाळ्या पारखीत उभी. पावरा बायकांच्या गळ्यात, दंडात, पायांत चांदीचे ठसठशीत दागिने. दूरच्या पाड्यावरची मंडळी ढोल घेऊन येतात आणि ढोल घुमू लागला की बाजाराच्या कडेला फेर धरला जातो.

यातली गंमत पाहा. या पालांवरच्या बहुतेक चिजा सातपुड्यात पिकत नाहीत. नारळ येतो केरळ, तमिळनाडू, कर्नाटकाकडून. खजूर येतो कच्छमधून किंवा थेट अरबस्तान-इराणकडून, समुद्र ओलांडून. डाळ्यांचा हरभरा आणि गुळाचा ऊस सपाटीवरचा. आणि या सगळ्या परमुलखातल्या चिजांचा पहिला मान कोणाचा, तर होळीचा. जंगलातून उंच बांबू आणून होळीचा दांडा उभा करतात. त्याला खोबऱ्याच्या वाट्या, खजूर, हार-कंगन बांधतात. डाळ्या आणि गूळ होळीला वाहतात. मगच घरच्यांच्या तोंडात पडतात. अक्कलकुवा तालुक्यात डाब येथील होळी मानाची आणि काठी येथील होळी राजवाडी म्हणून ओळखली जाते. काठीला रात्रभर ढोल वाजतात, मोरपिसांचे टोप घातलेले बुध्या आणि बावा नाचतात आणि पहाटे होळी पेटते. नाचणारे आधी काही दिवस व्रत पाळतात. खाटेवर झोपत नाहीत. म्हणून भोंगऱ्यातली खरेदी ही नुसती चैन नव्हे. तिच्यावाचून सण उभा राहत नाही.

असे फिरते बाजार जगात इतरत्रही आहेत. विलायतेतल्या लहान लहान गावांत फ्रान्स, जर्मनी, इटली अशा युरोपातल्या देशांचे विक्रेते येतात. चौकात दोन-तीन दिवस तंबू ठोकतात. चीज, पाव, ऑलिव्हची फळे, निरनिराळी सामिष पक्वान्ने विकतात आणि पुढच्या गावी जातात. लोक हौसेने जातात, नवी चव घेतात. पण गावातला दुकानदार कुरकुरतो : आम्ही बारा महिने भाडे आणि कर भरायचे, आणि रोख पैसा मात्र दोन दिवसांचा पाहुणा नेणार. ही कुरकुर अगदीच खोटी म्हणता येत नाही. पाहुणा बाजार आला की दोन प्रश्न विचारावेतच. त्याने आपल्याला काय दिले? आणि आपल्याकडून काय नेले?

काही पाहुणे मात्र राहून जातात. सातपुड्यात घरोघरी मक्याची भाकरी होते. हा मका मूळचा अमेरिका खंडातला. नंदुरबारची बाजार समिती ज्या लाल मिरचीसाठी देशभर ओळखली जाते, दसरा-दिवाळीनंतर जिच्या पथारींनी शहराभोवतीची रानेच्या राने लाल होतात, ती मिरचीही तिकडचीच. शहादा-नंदुरबारकडच्या बागांतली पपईसुद्धा. १४९२ साली कोलंबस अमेरिकेला पोचला, १४९८ साली वास्को द गामा कालिकतला आला, आणि त्यानंतर पोर्तुगीजांच्या गलबतांतून ही पिके आपल्याकडे आली. आज मिरचीवाचून खानदेशी जेवण कोणाला सुचेल? पाहुण्या पिकाला आपल्या शेतकऱ्याने मातीत लावले, त्याचे बी राखले, आणि ते आपले झाले. जे नुसते विकत घेऊन खाल्ले, ते पाहुणेच राहिले.

आता दुसरा प्रश्न. बाजार काय घेऊन जातो? डोंगरातली शेते उताराची, पाणी थोडे. पावसाळी पीक निघाले की घरातले हात रिकामे होतात, आणि पुष्कळ कुटुंबे गुजरातेत ऊसतोडीला आणि इतर मजुरीला जातात. होळीला ती परत येतात. चार-पाच महिन्यांच्या घामाचा पैसा गाठीला असतो, आणि तो सुटण्याचे पहिले ठिकाण भोंगऱ्या. सणाला खर्च करू नये, असे कोण म्हणेल? पण हिशेबाची एक गोष्ट ध्यानात घ्या. होळीच्या वेळी डोंगराने विकायचा माल अजून तयार नसतो. मोहाची फुले नुकती पडू लागलेली असतात. चारोळी आणि आमचूर यांचे दिवस पुढे चैत्र-वैशाखात. म्हणजे आधी खरेदी, मग विक्री. मधल्या वेळेला पैसा कमी पडला की माणूस पुढच्या मालावर उचल घेतो. आणि एकदा उचल घेतली की माल त्याच माणसाला, तो सांगेल त्या भावाने.

मापाला माप मीठ देऊन चारोळी नेल्याच्या गोष्टी मध्य हिंदुस्थानातल्या डोंगराळ पट्ट्यांत जुनी माणसे अजून सांगतात. हे थांबावे म्हणून १९७२ साली महाराष्ट्रात आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले आणि १९७६ साली आदिवासींच्या आर्थिक स्थितीत सुधारणा करण्याचा कायदा झाला. ठरावीक धान्य आणि वनोपज सरकारी यंत्रणेने खरेदी करावे, असा त्याचा रोख होता. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क मान्य केला. कायदे झाले, पण माप धरणारा हात आणि पाहणारा डोळा आपलाच लागतो. शहरात सोललेल्या चारोळीचा किलोचा भाव हजार रुपयांच्या पुढे असतो. डोंगरात विकली जाते ती न फोडलेली गुठळी. मधला फरक फोडण्यात, निवडण्यात आणि थांबण्यात आहे.

आमचुराचेही तसेच. गावठी कैरी उतरवायची, सोलायची, कापायची, उन्हात वाळवायची, हे सारे घरच्या बायाबापड्यांचे कष्ट. माती लागली, वळवाचा पाऊस पडला, की फोड काळी पडते आणि भाव उतरतो. खडकावर पसरण्याऐवजी स्वच्छ कापडावर किंवा जाळीवर वाळवली तर तीच कैरी उजळ राहते आणि चार पैसे जास्त देते.

आणि सातपुड्याचे स्वतःचे अन्न भोंगऱ्याच्या पालावर कितीसे दिसते? मोर, बंटी, भादी, राळा ही डोंगरातली बारीक धान्ये. पाऊस लांबला तरी ती तग धरतात, वर्षानुवर्षे साठवता येतात. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. शहरातल्या दुकानांत ही धान्ये रंगीत पुड्यांतून मिळू लागली. धडगाव तालुक्यात बाएफ संस्थेच्या मदतीने शेतकऱ्यांनी जुन्या वाणांची बियाणे बँक चालवली आहे. बी राखणाऱ्यांत बायकांचा हात मोठा. दक्षिणेकडे नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे आपल्या मालाला नाव मिळू शकते. तर मग जिलबीच्या पालाशेजारी एखाद्या बचत गटाने मोराचा भात आणि तुरीची आमटी का विकू नये? बाहेरून पाहायला आलेला माणूस जिलबी आपल्या गावीही खातो. डोंगरातली चव त्याला इथेच मिळायची.

डोंगरातल्या आणि सपाटीवरच्या, दोन्हीकडच्या घरांना उपयोगी पडतील अशा चार गोष्टी सांगतो. बाजाराला निघण्यापूर्वी सणाच्या सामानाची यादी करा आणि तेवढे पैसे वेगळे बांधा. तराजू-काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का आहे ना, ते पाहा. दगडाच्या वजनाने माल घेऊ नका, देऊ नका. पुढच्या मालावर उचल घ्यायची वेळ आलीच, तर भाव आधी ठरवून, चार माणसांसमक्ष लिहून घ्या. आणि भडक रंगाची मिठाई पोरांना देऊ नका; साधा गूळ-डाळ्याच बरा.

भोंगऱ्या पाहायला बाहेरगावाहून जाणार असाल, तर होळीच्या आधी आठ-दहा दिवस तळोदा किंवा अक्कलकुव्याच्या बसस्थानकात चौकशी करा. कोणत्या गावाचा बाजार कोणत्या वारी, ते तिथे नक्की कळेल. सकाळच्या एस.टी.ने जा आणि उजेडी घाट उतरा. परवानगीवाचून कोणाचा, विशेषतः लेकीबाळींचा, फोटो काढू नका. ती माणसे सणाच्या खरेदीला आलेली असतात. आणि परत येताना कडेला टोपली घेऊन बसलेल्या एखाद्या बाईकडून शेरभर मोर, बंटी किंवा तूर घ्या. ती सांगेल तो भाव द्या. घासाघीस करायची तर जिलबीवाल्याशी करा.