ओट्यावरचा तास

दौंड-शिरूरकडच्या कुणालाही 2005 नंतरच्या चार-पाच वर्षांबद्दल विचारा, आधी लोडशेडिंग आठवेल. पेपरात वेळापत्रक यायचं आणि लाइट त्याच्याही आधी जायची. टीव्ही बंद, पंखा बंद, माणसं ओट्यावर. दिवसभर कामापुरतं बोलणारी नवराबायको त्या तासात डास हाकलत शेजारी शेजारी बसलेली दिसायची.

झुंपा लाहिरींची ‘अ टेम्पररी मॅटर’ मी त्याच दिवसांत वाचली आणि बोस्टनची कथा आमच्या गल्लीतली वाटली. शोभा आणि शुकुमार यांचं बाळ सहा महिन्यांपूर्वी मृत जन्मलेलं. तेव्हापासून दोघं घरातल्या घरात एकमेकांना चुकवतात. मग लाइन दुरुस्तीसाठी पाच दिवस रात्री आठला तासभर वीज जाणार, अशी नोटीस येते. मेणबत्तीच्या उजेडात दोघं रोज एकेक लपवलेली गोष्ट सांगतात. वाचणाऱ्याला वाटतं, जमलं आता. पण दिवे लागल्यावर शोभा सांगते, मी वेगळं घर बघितलंय. आणि तो सांगतो, मी बाळाला हातात घेतलं होतं, मुलगा होता. तिला हे माहीतच नव्हतं.

आपल्याकडे तरी वेगळं काय होतं? तान्हं जाळत नाहीत, पुरतात. बाप आणि एखादा चुलता फडक्यात गुंडाळून घेऊन जायचे, आई दवाखान्यात खाटेवर. ना दहावा, ना तेरावा. ‘तरुण आहात, होईल दुसरं’ म्हणून भेटायला आलेल्या बायका उठायच्या. बाई माहेरी, बाप दुसऱ्या दिवशी ड्युटीवर. हौसेनं शिवलेली टोपडी-दुपटी सासू ट्रंकेच्या तळाशी घालायची, आणि त्या ट्रंकेला दोघांपैकी कुणी हात लावत नसे. भांडण व्हायचं ते भाजीतल्या मिठावरून.

आता दहावा मोठा झालाय. घोड-भीमेच्या घाटांवर मंडप, प्रवचन, पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं. म्हाताऱ्यांच्या जाण्याला माइक मिळाला, तान्ह्याला अजून काहीच नाही. घरातली लाइट सहसा जात नाही, गेली तर इन्व्हर्टर आहे. रात्री दोन उशांवर दोन मोबाइल.

लोडशेडिंगचे गोडवे मला गायचे नाहीत. त्याच विजेपायी शेतकरी रात्री-अपरात्री उसाला पाणी द्यायला जायचा. शिरूर तालुक्यात तर तो बिबट्याच्या धास्तीनं अजून दिवसा वीज मागतोय. आणि अंधारात बोललं की संसार सावरतोच, असंही नाही. कथेत शेवटी दोघं मिळून रडतात. पुढे एकत्र राहिली का, हे लाहिरी सांगत नाहीत, आणि तेच बरोबर.

कथा 1999 च्या ‘इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज’मध्ये आहे, या संग्रहाला 2000 साली पुलित्झर मिळालं. वीसेक पानांची आहे. नवराबायकोनं मिळून वाचावी, तासाभरात होते.