काडी की पेटी?

आमच्या बेलवलीच्या घरात गेले दोन महिने एकाच प्रश्नावर खल चालू आहे. काडी घ्यायची की पेटी? काडी म्हणजे टीव्हीच्या पाठीत खोचायची ती बोटभर लांबीची स्टिक. ती खोचली आणि घरात वाय-फाय असले, की सिनेमे, नाटके, मालिका धबधब्यासारख्या कोसळू लागतात म्हणे. पेटी म्हणजे अर्थातच संगणक. बाबा यंदा निवृत्त झाले आणि हाती आलेल्या रकमेतले ३५ हजार रुपये त्यांनी 'घरासाठी काहीतरी' म्हणून बाजूला काढले. 'काहीतरी' हा शब्द मोठा घातकी आहे. पंचवीस वर्षे गुण्यागोविंदाने नांदलेल्या कुटुंबात त्याने दोन पक्ष पाडले.

काडी ती केवढी, दोन्ही घ्या की, असे कोणी म्हणेल. पण आमचा टीव्ही जुना, मोठ्या पोटाचा. त्याला एचडीएमआयचे भोकच नाही. तेव्हा काडी म्हटली की तिच्यामागून नवा टीव्ही आलाच. हल्लीच्या बहुतेक टीव्हींच्या पोटात काडीची सोय आधीच केलेली असते, पण आमच्याकडे भांडणाचे नाव काडी पडले ते पडलेच.

गंमत अशी की, संगणक घरात शिरला तोच मुळी टीव्हीचे बोट धरून. विलायतेत १९८२ साली सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम नावाचा चिमुकला गृहसंगणक निघाला. त्याला स्वतःचा पडदा नव्हता. घरच्या टीव्हीला जोडायचा आणि कॅसेटवरून कार्यक्रम आत भरायचा. पुढे संगणकाने सवता सुभा मांडला, टेबल अडवले, खोली मागितली. आणि २०२५ मध्ये जिओने सेट-टॉप बॉक्सला कळफलक व माऊस जोडून टीव्हीवरच संगणक चालवण्याची सोय काढली. हा संगणक घरात नसतोच, तो कंपनीकडे असतो. आपण महिन्याचे भाडे भरायचे आणि त्याचे चित्र पाहायचे. शेजारच्या काकांनी हा तोडगा मोठ्या उत्साहाने सुचवला. मला तो पटला नाही. पहिल्या पावसाच्या सरीला आमची वीज आणि तिच्यामागोमाग इंटरनेट सती जाते. माझा अर्धा निबंध कुठल्याशा ढगात अडकलेला आणि मी इकडे मेणबत्ती धरून बसलेली, हे चित्र काही बरे नव्हे.

काडीचीही एक गोष्ट सांगते. मार्च २०२५ मध्ये गूगलची दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट यंत्रे जगभर एकदम बंद पडली. ना पडली, ना भिजली. त्यांच्या आतल्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली होती, एवढेच. काही दिवसांनी कंपनीने दुरुस्ती पाठवली तेव्हा ती पुन्हा चालू झाली. विकत घेतलेली वस्तू आपली म्हणायची ती कुठपर्यंत? आमचा पाटा-वरवंटा आजीच्या लग्नातला आहे, त्याची मुदत अजून संपलेली नाही.

पण पेटीवाल्यांनी फार हुरळून जाऊ नये. विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. आठवी पिढी आली २०१७ मध्ये. त्याआधीची कचेऱ्यांतून निघालेली यंत्रे पुसूनपासून दुकानांत मांडलेली दिसतात आणि किंमत ऐकून जीव विरघळतो. त्यांवर लिनक्स घालून काम भागते, पण विकणारा ते आपण होऊन सांगेलच असे नाही. नवे घ्यावे तर २०२५ च्या अखेरीपासून रॅम महागली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांनी जगातली रॅम ओढून घेतली आणि तिची झळ बेलवलीतल्या ३५ हजारांना लागली.

शिवाय आम्ही तळमजल्यावर राहतो. २००५ च्या जुलैत आणि पुन्हा २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीने काय केले, हे बदलापूरकरांना सांगायला नको. महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ अडकली आणि प्रवाशांना होड्यांतून काढावे लागले, तो हा दुसरा दिवस. आमच्याकडे पेटी या शब्दापाठोपाठ 'जमिनीवर ठेवायची नाही' हे वाक्य येतेच.

इथवर हिशेब सोपा होता. माझ्या मनात पेटीच होती. मराठीचा प्रकल्प अंगठ्याने मोबाईलवर लिहून ज्यांची बोटे दुखली असतील, त्यांना कारण सांगायची गरज नाही. पण काडीची बाजू बाबांची होती, आणि बाबांची बाजू हलकी नव्हती. तेहतीस वर्षे ते सकाळी सातच्या आत घराबाहेर पडले आणि रात्री नवाच्या सुमारास परतले. बदलापूर ते मुंबई, निम्मा प्रवास उभ्याने. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तिथल्या संध्याकाळच्या मालिकांची नावे त्यांना ठाऊक आहेत. पण रविवार सोडला तर एकही मालिका त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलेली नाही. ती ऐकली आईच्या तोंडून, रात्री जेवताना. प्रसारभारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वेव्हज' सुरू केले आणि त्यावर दूरदर्शनच्या जुन्या मालिका पाहता येतात, हे कळल्यापासून ते लहान मुलासारखे झाले आहेत. त्यांना काडी म्हणजे चैन नाही, थकलेली बाकी आहे.

आणि आई? काडीवाले म्हणत, तिला दुपारी विरंगुळा होईल. पेटीवाले म्हणत, तिला यातले काय कळणार. शेवटी एका रात्री ती भांडी विसळून आली, बचत गटाची तीन रजिस्टरे टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "अहो, मालिका मला मोबाईलवर दिसतात. बारा बायकांचे व्याज मी दर महिन्याला तीनदा मांडते. बेरीज आपोआप होते ना त्यात? मराठीत होते ना?"

होते. मराठीसाठी पैसेही पडत नाहीत. इन्स्क्रिप्ट हा कळफलक सरकारने १९८६ मध्ये पुढे आणला आणि तो विंडोजमध्येही असतो, लिनक्समध्येही. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. वर्णमाला येणाऱ्या माणसाला तो इंग्रजी कळफलकापेक्षा लवकर उमगतो, असे माझे तरी मत आहे. आईची दुसरी अट, वीज गेली तरी काम थांबता कामा नये. म्हणजे पेटी मोठी नको, बॅटरीचा लॅपटॉप हवा. पूर आला तर तो माळ्यावरही टाकता येतो.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लॅपटॉपवर वेव्हज दिसतं का?" दिसते, पण पडदा केवढासा! आणि रात्री जेवणानंतर आईची रजिस्टरे उघडणार, नेमक्या त्याच वेळी.

रविवारी तिघेही उल्हासनगरला गेलो. दुकानदार बाबांना पडद्याची लांबी सांगत होता, मी प्रोसेसरची पिढी विचारत होते. आईने कळफलकावरून एकदा बोट फिरवले आणि त्याला विचारले, "यावर मराठी अक्षरे कुठे आहेत? त्याचे स्टिकर वेगळे मिळतात का?"