बापाचं पत्र

१९७२ च्या दुष्काळात शेजारची पोरगी नववीत होती. माय रोज खडी फोडायला जायची, मिळालेली सुकडी पदरात बांधून आणायची. पोरगी वेणीफणी करून शाळेत हजर, हसणं-खिदळणं चारचौघींसारखं. "बाप मुंबईला गिरणीत हाय," म्हणायची. तो दुसरीबरोबर नांदतोय, हे गावाला ठाऊक होतं. आंधळ्या आजीला ती ओट्यावर बसून त्याचं पत्र वाचून दाखवी. तब्येत बरी आहे, पाऊस पडला का, मिलोच्या भाकरीनं पोट दुखत नाही ना? म्हातारीलाही सगळं कळत असावं, असं मला आता वाटतं. एकदा वाऱ्यानं तो कागद माझ्या पायाशी आला. सोसायटीच्या थकबाकीची जुनी नोटीस होती. मी उचलून दिली. तिनं डोळ्यांनीच गप केलं आन् पुढं वाचाया लागली, "आई, दिवाळीला येतो."