तेरा जणांची भिंत

खेळांत आपला पक्ष हरला म्हणजे प्रेक्षकांस दोन गोष्टींचा उत्साह चढतो. एक शिव्या देण्याचा आणि दुसरा उपाय सुचविण्याचा. पहिल्यास फारशी बुद्धि लागत नाहीं, म्हणून तो लवकर ओसरतो. दुसरा मात्र मध्यरात्र उलटली तरी ओसरत नाहीं. आमच्याकडे क्रिकेटच्या बाबतींत हा अनुभव घरोघर आहे. इंग्लंडच्या उत्तर भागांत, यॉर्कशायर व लँकेशायर या परगण्यांत, हाच उत्साह रग्बी लीग नांवाच्या खेळाभोंवतीं एकवटलेला असतो. त्यांतही नवलाची गोष्ट अशी कीं, तिकडील जुनी मंडळी चढाईपेक्षां बचावाविषयीं अधिक पोटतिडकीनें बोलतात. गेल्या वर्षीं मार्चपासून चार महिने आमचा मुक्काम त्या भागांत पुतण्याच्या बिऱ्हाडीं होता, त्या अवधींत हें बोलणें आम्हीं पोटभर ऐकलें.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस रग्बी हा एकच खेळ ठाऊक असावयाचा. वस्तुतः ते दोन सख्खे भाऊ असून त्यांची वाटणी १८९५ सालीं झाली. उत्तरेकडील खेळाडू बहुशः खाणींत किंवा गिरणींत राबणारे. शनिवारीं सामन्यास जावयाचें तर त्या वेळची मजुरी बुडे. ती भरून द्यावी असें उत्तरेकडील क्लबांचें म्हणणें. खेळासाठीं पैसे घेणें हें सद्गृहस्थास शोभत नाहीं, असें ज्यांना मजुरीची कधींच गरज पडली नव्हती त्यांचें म्हणणें. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजीं हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलांत उत्तरेच्या क्लबांनीं निराळी चूल मांडली. १९०६ सालीं त्यांनीं पंधराऐवजीं तेरा खेळाडू ठरविले, आणि पकडलेल्या गड्यानें उठून चेंडू पायानें मागें सारावा व खेळ पुढें चालवावा असा नियम केला. हा नियमच पुढें या खेळाचा प्राण झाला.

आज पद्धत अशी आहे. चेंडू हातीं असलेल्या पक्षास सहा वेळां पकडलें जाण्याची मुभा. सहावी पकड झाली कीं चेंडू प्रतिपक्षाकडे. १९६६ सालीं ही मर्यादा चार होती, १९७२ पासून सहा झाली. प्रत्येक पकडीनंतर बचाव करणाऱ्यांनीं, चेंडूसमोर उभे राहणारे दोघे सोडून, दहा मीटर मागें हटावयाचें. मग पुन्हा पुढें धांवून पुढची पकड करावयाची. पूर्वीं हें अंतर पांच मीटर होतें, १९९३ सालीं तें दुप्पट झालें. ऐंशीं मिनिटांच्या खेळांत अशी मागें-पुढें दौड किती वेळां होते याचा वाचकांनीं मनांतल्या मनांत हिशेब करावा, म्हणजे शेवटच्या वीस मिनिटांत भिंतीला खिंडारें कां पडतात हें निराळें सांगावें लागणार नाहीं.

आमच्या पुतण्याचें घर ज्या गांवीं आहे तेथील संघाचें नांव येथें सांगण्याचें कारण नाहीं. लीड्सहून आगगाडीनें जावें असें तें गांव. खुद्द लीड्सचें हेडिंग्ली मैदानही आम्हीं पाहिलें. तेथें क्रिकेटचें व रग्बीचें मैदान पाठीला पाठ लावून असून मधल्या एकाच सज्ज्याला दोन तोंडें आहेत. पुतण्याचा चिरंजीव आम्हांस रग्बीकडील तोंड दाखवीत होता आणि आमचे डोळे दुसऱ्या बाजूस, १९८६ सालीं दिलीप वेंगसरकरांनीं नाबाद १०२ धावा काढल्या ती खेळपट्टी शोधीत होते.

सामन्यानंतर गांवांतील एका मद्यगृहांत चाहत्यांची बैठक बसे. आम्ही आल्याचें पाणी घेऊन कोपऱ्यांत बसत असूं. पहिल्या दिवशीं लोकांनीं आमच्याकडे जरा कौतुकानें पाहिलें. दुसऱ्या दिवसापासून आमच्या पेल्यांत काय आहे याची कोणी चौकशी केली नाहीं. विषय नेहमीं एकच: आपल्या संघाचा बचाव सुधारावा कसा?

बैठकींतले ज्येष्ठ म्हणजे खाणींतून निवृत्त झालेले एक वृद्ध गृहस्थ. हल्लींचीं पोरें मिठ्या मारतात, पाय धरीत नाहींत, हा त्यांचा सिद्धान्त. पायांशीं कोसळलेला मनुष्य कितीही धिप्पाड असला तरी पडतोच, ही गोष्ट खरी. परंतु पाय धरलेल्याचे हात मोकळे राहतात. पडतां पडतां तो चेंडू सोबत्याकडे ढकलतो, आणि पडला तरी चटकन् उठतो. म्हणून आतां दोघे-तिघे मिळून त्याला वरच्या वर धरून ठेवतात व सावकाश भुईवर आणतात. तो उठेपर्यंत जे एक-दोन क्षण मिळतात त्यांत बाकीचे दहाजण दहा मीटर मागें जाऊन ओळींत उभे राहतात. या खेळांत सारा व्यापार त्या एक-दोन क्षणांचा आहे. ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न स्टॉर्म या संघाचे शिक्षक क्रेग बेलामी २००३ सालापासून त्या संघास शिकवीत आले. त्यांच्या संघानें तर कुस्तीचे डावच या पकडींत आणले. पुढें इतरांनीं तेच उचललें, आणि खेळ रेंगाळूं लागला अशी ओरड झाली. तेव्हां २०२० सालीं तेथील चालकांनीं असा नियम केला कीं, पडलेल्यास उगाच दाबून धरलें तर त्याच्या पक्षाच्या सहा पकडींची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हावी. नियम एका ओळीचा, पण त्यानें दमलेल्या बचावाची दैना करून टाकली.

असें असूनही त्याच्या पुढच्याच वर्षीं, १९२१ च्या नव्हे, २०२१ च्या बाद फेऱ्यांत, पेनरिथच्या संघानें ८–६, १०–६ आणि अखेरच्या सामन्यांत १४–१२ अशा गुणांनीं विजय मिळवून अजिंक्यपद पटकावलें. एका ट्रायला चार गुण असतात हें ध्यानांत घेतलें म्हणजे हे आकडे किती कंजूष आहेत तें कळेल. २०२४ पर्यंत त्या संघानें लागोपाठ चार वेळां अजिंक्यपद मिळविलें. आमचे वृद्ध गृहस्थ ऑस्ट्रेलियाचें नांव निघालें कीं चेहरा आंबट करीत, पण हे तीन निकाल त्यांना तोंडपाठ होते.

दुसरा एक तरुण हातांतल्या मोबाइलवर आकडे घेऊन येई. अमक्याच्या हातून आज पांच पकडी हुकल्या, तमक्याच्या हातून सात. त्यांना काढा, कीं बचाव सुधारला! त्याचें हें गणित एका बाईंनीं आमच्यासमोर मोडून काढलें. त्या गांवच्या शाळेंत गणितच शिकवीत, त्यामुळें आकड्यांचा धाक त्यांना नव्हता. त्या म्हणाल्या, जो पकडावयास गेला आणि ज्याच्या हातून गडी सुटला, त्याच्या नांवावर चूक मांडली जाते. परंतु जो भलत्याच जागीं उभा होता, म्हणून पकडावयास पोहोंचलाच नाहीं, त्याचा रकाना कोरा राहतो. म्हणजे तुझ्या वहींत आळशी मनुष्य निर्दोष!

हें आम्हांस फारच पटलें. कडेला तिघे बचाव करणारे आणि समोरून चौघे येत असले तर मधल्यानें पुढें झेपावून चेंडू येण्याआधींच गडी गांठावा, कीं सर्वांनीं मिळून कडेकडे सरकत जाऊन वेळ काढावा, हा खरा पेंच. दोनही मार्ग शास्त्रशुद्ध आहेत. नाश होतो तो एकानें झेपावण्यानें आणि शेजारच्यानें सरकण्यानें. हुतूतूंत साखळी धरून उभे राहिलेल्यांपैकीं एकानें हात सोडला म्हणजे काय होतें हें आमच्या पिढीस ठाऊक आहे. आणि एकत्र कुटुंबांत नांदलेल्या वाचकांस तर त्याहून अधिक ठाऊक असावें. पराक्रम करणाऱ्या धाकट्या भावजींनीं घराला पाडलेलीं भगदाडें आम्हीं पुष्कळ पाहिलीं आहेत.

गणिताच्या बाईंचा दुसरा मुद्दा याहून खोल होता. बचाव सुधारावयाचा तर प्रथम आपल्या हातांतला चेंडू सांभाळा, असें त्या म्हणत. मैदान एका गोलरेषेपासून दुसरीपर्यंत शंभर मीटर. आपण पांच पकडी नीट पार पाडून अखेरीस लांब लाथ मारली तर प्रतिपक्षाला आपल्या दारापासून दूर, ऐंशी-नव्वद मीटरांवरून, यावें लागतें. तेवढ्या सहा पकडींत तो बहुधा पोहोंचत नाहीं. पण आपल्याच तीस मीटरांच्या आंत चेंडू हातांतून निसटला, कीं त्याला तीस मीटर आणि पुऱ्या सहा संधि. त्या सहा कशाबशा थोपविल्या तरी अंगांतलें बळ तेथें खर्च झालें तें झालें. पंधराव्या मिनिटाला सांडलेल्या चेंडूची किंमत पासष्टाव्या मिनिटाला चुकवावी लागते, आणि तेव्हां लोक ओरडतात तें पासष्टाव्या मिनिटाला जो चुकला त्याच्या नांवानें. त्या बैठकींत ऐकलेल्या साऱ्या उपायांत आम्हांस हाच खरा वाटला. आणि तरुणानें तो ऐकतांच मोबाइल खिशांत ठेवला, यावरून त्यालाही वाटला असावा.

टपाल वाटणारे एक गृहस्थ बहुधा गप्प असत. ते एकदांच बोलले, पण नेमकें बोलले. १५ फेब्रुवारी २०२५ रोजीं सॉल्फर्डच्या संघास सेंट हेलेन्सनें ८२–० असें धुऊन काढलें. क्लबाची आर्थिक स्थिति डळमळीत, खेळाडूंच्या वेतनावर मर्यादा घातलेली, म्हणून मुख्य खेळाडू बाहेर ठेवून कोवळीं पोरें मैदानांत उतरविलेलीं. हाच सॉल्फर्ड २०१९ सालीं अंतिम सामन्यापर्यंत पोहोंचला होता. त्या पोरांस पकड कशी करावी यावर कोणी व्याख्यान दिलें असतें तर कितीसा उपयोग झाला असता, असें विचारून ते उठून गेले.

आणि कधीं कधीं सर्व शास्त्र पाळूनही भिंत पडते. २२ सप्टेंबर २००० च्या रात्रीं ब्रॅडफर्डचा संघ सेंट हेलेन्सविरुद्ध एका गुणानें पुढें होता. वेळ संपत आलेली, प्रतिपक्षाची ही शेवटचीच संधि. चेंडू मैदानाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेला, तेथून परत फिरला, लाथेनें उडाला, पुन्हा हातीं आला, आणि बचावाची सारी रांग कधीं इकडे तर कधीं तिकडे ओढली जाऊन अखेर ड्वेन वेस्टला वाट मिळाली. त्यानें चेंडू आंत दिला आणि क्रिस जॉइंटनें तो रेषेपलीकडे टेकविला. निकाल १६–११. आमचे वृद्ध गृहस्थ ही हकीकत सांगतांना पेले सरकवून मांडणी करून दाखवीत, आणि ब्रॅडफर्डच्या कोणत्याही पेल्यास दोष देत नसत.

एक गंमत येथें सांगितलीच पाहिजे. वाटणीनंतर शंभर वर्षें, १९९५ पर्यंत, लीग खेळलेल्या मनुष्यास थोरल्या भावाच्या घरीं उंबरा ओलांडण्याची बंदी होती. आतां त्याच घरीं शिकवणी चालते ती धाकट्याकडच्या माणसांची. २००३ सालीं इंग्लंडनें थोरल्या रग्बीचा विश्वचषक जिंकला तेव्हां बचाव शिकविणारे फिल लार्डर हे लीगचे. विगनचे शॉन एडवर्ड्स यांनीं पुढें वेल्सचा व नंतर फ्रान्सचा बचाव घडविला.

हें सर्व आम्ही गंमत म्हणून ऐकत होतों तों एप्रिलांत पुतण्याच्या चिरंजीवानें, वय वर्षें बारा, घरीं जाहीर केलें कीं त्याची गांवच्या मुलांच्या संघांत निवड झाली आहे. त्या दिवसापासून "जोरानें आदळा" ही बैठकींतली आरोळी आमच्या कानांस निराळी लागूं लागली. सूनबाईंनीं वर्तमानपत्रांतून वाचून ठेवलें होतें: ग्रेट ब्रिटनचे एके काळचे खेळाडू बॉबी गोल्डिंग यांना ऐन एकोणपन्नासाव्या वर्षीं स्मृतिभ्रंश जडल्याचें २०२१ सालीं प्रसिद्ध झालें, आणि डोक्यास बसलेल्या मारांबद्दल त्यांच्यासह कित्येक जुन्या खेळाडूंनीं खेळाच्या चालक मंडळावर दावा लावला. मंडळानें २०२३ च्या डिसेंबरांत पकड काखेच्या खालींच करावी असें ठरविलें तेंही त्यांना ठाऊक होतें. पुण्याहून वहिनींचा दर रविवारीं दूरध्वनि येई, त्यांत दुसरा विषय उरला नाहीं. पुतण्याचें मत, मुलगा तेथेंच वाढतो आहे, त्यानें तेथील खेळ खेळावा. शाळेंत त्याला एकाकी वाटत होतें तें या संघामुळें थांबलें. दोघांचेंही खरें होतें, त्यामुळें घरांत फार बोलणें होत नसे, जेवणें मात्र लवकर आटोपत.

अखेर सूनबाई आमच्याबरोबर बैठकीस आल्या आणि त्यांनीं थेट वृद्ध गृहस्थांस विचारलें, डोकें वांचवून पकड करतां येते काय? ते उठले. रग्बीच्या अभ्यासकांस असें आढळलें आहे कीं डोक्यास मार बसण्याचा धोका चेंडू घेऊन धांवणाऱ्याहून पकडणाऱ्यासच अधिक. गुडघा किंवा कंबरेचें हाड कपाळावर आदळतें. खुर्चीला गडी मानून त्यांनीं दाखविलें: नजर वर, पाऊल गड्याच्या अगदीं निकट, खांदा आधीं लागावा, आणि डोकें त्याच्या वाटेंत आडवें न जातां पाठीमागच्या अंगास राहावें. दुरून सूर मारणाराचें डोकेंही सांपडतें आणि गडीही सुटतो. एवढें बोलून ते म्हणाले, "बाई, मीं चाळीस वर्षें याच एका गोष्टीसाठीं ओरडतों आहें."

त्यानंतर तीन गुरुवार सूनबाई मुलांचा सराव पाहावयास गेल्या व मैदानाच्या कडेला शाल लपेटून उभ्या राहिल्या. तिसऱ्या गुरुवारीं त्यांनीं शिक्षकास विचारलें, डोक्यास लागलें तर मुलास बाहेर काढण्याचा अधिकार कोणाचा? शिक्षक म्हणाले, माझा, पंचाचा आणि तुमचाही. नुसता संशय आला तरी तत्काळ बाहेर, आणि २०२३ च्या सरकारी सूचनेप्रमाणें निदान एकवीस दिवस सामना बंद. सूनबाईंनीं घरीं येऊन हें कागदावर लिहिलें, मुलाची व त्याच्या वडिलांची सही घेतली. चिरंजीवानें तक्रार केली कीं एकवीस दिवसांत तीन सामने बुडतील. "आजोबा, तुम्ही तरी सांगा ना आईला," असें तो आम्हांस म्हणाला; आम्हीं आईच्या बाजूस मत दिलें. कागद स्वयंपाकघरांत शीतकपाटावर चिकटविला गेला, आणि वहिनींस त्याच रात्रीं दूरध्वनीवर तो दोनदां वाचून दाखविण्यांत आला.