नावापुढे नाव

आपण दिवसभर काही ना काही जोडतच बोलतो. वडोदऱ्यात तर माणसाच्या नावाला भाई नाहीतर बेन लागल्याशिवाय हाक पुरी होत नाही. जोडताना विचार करावा लागत नाही. संगणकाला मात्र तो करावा लागतो, हे मला भाचीमुळे कळलं.

भाची कलाभवनातून इंजिनिअर झाली. सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेली ही संस्था आता विद्यापीठाचा भाग आहे, पण गावाच्या तोंडी अजून कलाभवनच. मी बीए, त्यामुळे तिला मला डब्यांच्या भाषेत समजवावं लागतं.

'सी' ही १९७२ च्या सुमाराची भाषा. तिच्यात मजकूर म्हणजे ओळीने मांडलेले डबे, आणि शेवटच्या डब्यात 'इथे संपलं' अशी खूण. पुढे काही जोडायचं, तर ती खूण शोधायची, तिच्या जागेपासून नवी अक्षरं भरायची आणि शेवटी पुन्हा खूण ठेवायची. फळीवर तेवढी जागा आहे का, हे 'सी' बघत नाही. ते लिहिणाऱ्याने बघायचं. जागा नसली तर अक्षरं शेजारच्या डब्यांत सांडतात आणि तिथलं नासवतात. त्यातून इंग्रजी अक्षराला एक डबा पुरतो. आपल्या 'क'ला हल्लीच्या पद्धतीत तीन लागतात, आणि 'क्षि'ला बारा!

"आणि मावशी, ही ओरडत पण नाही गं. बिघाड भलतीकडेच निघतो."

'जावा'ची रीत वेगळी. तिच्यात एकदा लिहिलेला मजकूर बदलतच नाही. जोडायला सांगितलं की ती नवी जागा घेते, जुनं तिथे उतरवते आणि पुढे नवं लिहिते. हजारदा जोडायचं तर हा खटाटोप हजारदा, म्हणून 'स्ट्रिंगबिल्डर' नावाची परात दिलेली आहे: त्यात मळत राहा, पोळी शेवटी एकदाच लाटा.

"मग जुन्याचं काय होतं?" मी विचारलं.

"कुणी धरून ठेवलं असेल तर राहतं. नाहीतर केर काढणारा घेऊन जातो."

हे मात्र मला लगेच समजलं. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं होतं. सगळे म्हणाले, सासरचं नाव जोडलं. जोडलं कुठे? वेगळ्या जागी वेगळंच लिहिलं. माहेरचं नाव आई हाक मारायची म्हणून टिकून होतं. ती गेल्यापासून ते पदवीच्या कागदावर आहे आणि एका मैत्रिणीच्या फोनमध्ये. एवढ्या दोघांनीच धरून ठेवलंय.

आता भाचीचं लग्न ठरलंय. ती स्वतःचं नाव, वडलांचं नाव, आडनाव तसंच ठेवणार आहे आणि त्याच्यापुढे सासरचं आडनाव लावणार आहे. सासूबाईंची हरकत नाही. परवा एक फॉर्म भरताना चौकोन संपले आणि शेवटची चार अक्षरं बाहेर राहिली. घरात कुणीतरी म्हणालं, "मधलं एक गाळ ना."

मी म्हटलं, "नाव गाळू नकोस. त्यांना चौकोन वाढवायला सांग."