तिसरा वार झाला, पैसे कुठे?

पैसे न देणारं गिऱ्हाईक ही काही इंटरनेटने जन्माला घातलेली जात नव्हे. आमच्या वाड्यावरच्या पसरकाराकडे 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी होती, आणि पाटीच्या बरोबर खाली उधारीची वही टांगलेली असायची! त्या वहीत अर्धा गाव होता. कुणाचे पैसे चवथीनंतर यायचे, कुणाचे काजूचा हंगाम आटोपल्यावर, तर कुणाचे मुलगा आखातातून आला की. पसरकार कधी तगादा लावत नसे. उधारीवाला रस्त्यावरून जाताना दिसला की मोठ्याने "कितें, बरें मूं?" एवढंच विचारायचा. ज्याला समजायचं त्याला समजायचं.

देवळातली पावणी घ्या. देवापुढे आलेला नारळ, केळीचा घड, एखादा अननस. नेहमीच्या बाजारात दोन आकडी किमतीचा नारळ बोली चढत चढत हजाराच्या पार जातो. "एक वार... दोन वार... तीन वार!" आमच्याकडे बोललेली रक्कम तिथल्या तिथे मोजावी लागत नाही. वहीत नाव चढतं, पुढच्या उत्सवापर्यंत आणून दिली तरी चालते. तरीही पावणीचे पैसे बुडवल्याचं मी आमच्या गावात ऐकलेलं नाही. देवाची भीती हे एक कारण झालंच. पण मला वाटतं, खरी भीती महाजनांची आणि शेजाऱ्यांची. तिसऱ्या वाराला कोण बोललं ते सगळ्यांनी पाहिलेलं असतं ना! कोमुनिदादीच्या शेतांची पावणी व्हायची तेव्हा मामला आणखी पक्का असे. तिथे बोली लावणाऱ्याच्या मागे जामीन उभा करावा लागे. म्हणजे आपल्या वाडवडिलांनी दोन बंदोबस्त करून ठेवले होते. एक तोंडओळख, आणि ती पुरत नसेल तिथे जामीन.

नेटवरच्या लिलावात या दोन्ही गोष्टी नाहीत. बोली आहे, वार आहेत, पण तोंड नाही.

याचा अनुभव मला दोन वर्षांपूर्वी आला. काका वारले, आणि त्यांच्या मागे राहिल्या ७८ आरपीएमच्या चाळीसेक तबकड्या. त्यांत केरीच्या केसरबाईंच्या चार होत्या. हो, त्याच केसरबाई केरकर, ज्यांचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेला. घरात त्या वाजवायला यंत्र उरलेलं नव्हतं, आणि मृगाच्या आत जुन्या घराचे नळे बदलणं भाग होतं. काकूच म्हणाली, "वीक रे, पण ऐकणाऱ्याक दी." मी केसरबाईंच्या चार तबकड्यांचा एक गठ्ठा करून एका संकेतस्थळावर लिलावाला लावला. बोली ९,२०० रुपयांवर थांबली. जिंकणाऱ्याचं नाव म्हणजे चार अक्षरं आणि पुढे पाच आकडे. मेस्ताला सांगून टाकलं, नळे आण.

तीन दिवस काही नाही. मग निरोप आला, "आज रात्री पाठवतो." मग बँकेचा सर्व्हर बंद होता. मग आईला इस्पितळात हलवलं होतं. मग फोनच बंद. अठरा दिवस गेले.

यात चीड येते ती पैशांपेक्षा वेगळ्याच गोष्टीची. तबकड्या माझ्याकडेच होत्या, तोटा म्हणावा तर काही झाला नव्हता. पण त्या अठरा दिवसांत आणखी दोघांनी चौकशी केली होती, आणि दोघांनाही मी "विकल्या गेल्या" असं सांगितलं होतं. म्हणजे शब्द पाळला तो मी, आणि अडकलो तोही मीच! बोली लावायला दमडी पडत नाही, न दिल्यास कुणी दारात येत नाही. रात्री अकरा वाजता घड्याळ उलटं मोजू लागलं की माणसाच्या अंगात येतं, सकाळी उतरतं. सगळेच काही लबाड नसतात. कित्येकांना नुसती लाज वाटत असते, आणि लाजेपोटीच ते फोन बंद करतात.

या धंद्यातल्या थोरल्यांनाही हे दुखणं सुटलेलं नाही. आपल्याकडचं बाझी डॉट कॉम २००४ साली ईबेने घेतलं. त्यांच्या 'पैसापे' योजनेत गिऱ्हाइकाची रक्कम मध्येच थांबे आणि माल पोचल्यावर विक्रेत्याला मिळे. पण जो रक्कम भरतच नाही त्याचं काय? ईबेची ती भारतीय बाजारपेठ २०१८ च्या ऑगस्टमध्ये बंद झाली. आपले लोक आता तिथे विकतात ते परदेशातल्या गिऱ्हाइकांना. माझा एक मित्र पोर्तुगीज अमदानीतली टपाल तिकिटं असं विकतो. त्याच्या सांगण्याप्रमाणे नियम सरळ आहे. चार दिवस वाट पाहायची. पैसे आले नाहीत तर व्यवहार रद्द करायचा, 'पैसे दिले नाहीत' हे कारण नोंदवायचं. ती खूण गिऱ्हाइकाच्या खात्यावर राहते, आणि अशा खुणा साठलेल्यांना आपल्या मालावर बोली लावण्यापासून अडवता येतं. पूर्वी विक्रेता गिऱ्हाइकाविरुद्ध उघड वाईट शेराही लिहू शकत असे. २००८ पासून ते बंद आहे. मित्राला याचा राग आहे, मला नाही. शेऱ्याला शेरा, शिवीला शिवी असं ते चालायचं, त्यातून रुपया काही वसूल होत नसे.

कायद्याचं म्हणाल तर कायदा आपल्या बाजूचा आहे. १९३० च्या माल विक्री कायद्यात पैसे न मिळालेल्या विक्रेत्यासाठी स्वतंत्र प्रकरणच आहे. पूर्ण किंमत हाती येईपर्यंत माल अडवून ठेवता येतो, आणि रीतसर नोटीस देऊन वाजवी मुदतीत पैसे आले नाहीत तर दुसऱ्याला विकून झालेलं नुकसानही मागता येतं. आता ९,२०० रुपयांसाठी कोर्टाची पायरी कोण चढणार, ते सोडा. पण त्यातली नोटिशीची आणि मुदतीची कल्पना मला फार कामाची वाटली. मी पहिल्याच निरोपात तारीख घालतो. "अमुक दिवशी संध्याकाळपर्यंत रक्कम आली तर वस्तू आपली, नाही तर दुसऱ्याला देईन." मध्ये एकदाच आठवण. दुसरी नाही. भांडण नाही, कारणांची उलटतपासणी नाही. कुणाची आई खरंच आजारी असेल तर माझ्या संशयाने तिला काय बरं वाटणार?

(गंमत बघा, सायबर फसवणुकीची तक्रार करायचा नंबरही १९३०च आहे. तो मात्र पाठ करून ठेवा. कारण न देणाऱ्यापेक्षा 'देतो' म्हणणारा जास्त धोक्याचा. तो क्यूआर कोड पाठवतो आणि म्हणतो, "हा स्कॅन करून पिन घाला, पैसे तुमच्या खात्यात येतील." पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीही लागत नाही. तो लागतो फक्त द्यायला. तसंच, पैसे भरल्याचं चित्र म्हणजे पैसे नव्हेत. खात्यात जमा झालेले स्वतः पाहावेत, मगच गठ्ठा बांधावा.)

असो. एकोणिसाव्या दिवशी मी दुसऱ्या बोलीवाल्याला लिहिलं. ते निघाले बेळगावचे एक निवृत्त मास्तर, ८,७०० वर थांबलेले. त्यांचं उत्तर तासाभरात आलं. "हातची गेली असं समजून त्या पैशांचा चष्मा करून घेतला. निम्मे आज देतो, निम्मे पेन्शन आल्यावर. चालेल का आपल्याला?" मी म्हटलं, चालेल, पण तबकड्या पुरे पैसे येईपर्यंत माझ्याकडे. "तसंच हवं," मास्तर म्हणाले. ना जामीन, ना तोंडओळख. पण पहिले निम्मे त्याच संध्याकाळी आले, आणि उरलेले महिन्याच्या दोन तारखेला, न मागता.

लाखेच्या त्या तबकड्या कुरियरच्या भरवशावर सोडायला मास्तर तयार नव्हते. चोर्ल्याच्या घाटातून बसने स्वतः आले, जुन्या सुती पंचांच्या घड्या घेऊन. चहा घेण्याआधी त्यांनी चारही तबकड्या खिडकीच्या उजेडात तिरक्या धरून पाहिल्या, एकेक पंचात गुंडाळली. "हिचा एक कोपरा जरा गेलाय, पण गाण्याला लागलेला नाही," असं काकूला सांगून टाकलं. काकूने त्यांना जेवायला थांबवलं.

नळे त्या वर्षी अर्धेच बदलून झाले. पाऊस आधी आला.