एका कोठारातले तीन शब्द

'मॅगझिन' म्हटलं की कुणाला वाचनालयातलं साप्ताहिक आठवतं, कुणाला बंदुकीतली गोळ्यांची पेटी. या दोन गोष्टींना एकच नाव कसं, असं मुलं वर्गात हमखास विचारतात.

उत्तर अरबीत आहे. ख-ज-न या धातूचा अर्थ साठवणे. त्यावरून 'मखजन' म्हणजे कोठार, अनेकवचन 'मखाजिन'. हा शब्द इटालियनमध्ये 'मागाझ्झिनो' झाला. फ्रेंचमध्ये तो 'मागाझँ' झाला. तिथे आज त्याचा अर्थ दुकान. सोळाव्या शतकात तो इंग्रजीत आला. आधी कोठार, मग दारूगोळ्याचं कोठार, पुढे गोळ्यांची पेटी. १७३१ मध्ये लंडनला एडवर्ड केव्हने 'द जंटलमन्स मॅगझिन' काढलं, म्हणजे मजकुराचं कोठार. तेव्हापासून नियतकालिकालाही हे नाव मिळालं. १९०१ मध्ये शेख अब्दुल कादिर यांनी लाहोरहून उर्दू मासिक सुरू केलं, त्याचं नावच 'मखजन'.

आपला 'खजिना'ही याच धातूचा. मी फळ्यावर मखजन, मॅगझिन, खजिना असे तीन शब्द एकाखाली एक लिहितो. 'ख'चा 'ग' कुठे झाला, ते मुलंच दाखवतात.

मराठीतून अरबी-फारसी शब्द काढून टाका, असं अधूनमधून ऐकू येतं. सांगणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. एवढंच विचारतो, शिवरायांच्या गोष्टी सांगताना 'सुरतेचा खजिना' तुम्ही कोणत्या शब्दात सांगणार?